मृत्युपत्रातील अरण्य

दोडामार्ग तालुक्यातील अरण्याची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा शासनाच्या आणि न्यायालयाच्या हुकुमांची चर्चा होऊन बसते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली घातलेली बंदी, तिलारीच्या परिसरातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्राला राज्य शासनाने २०२० साली दिलेला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा, आणि या पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्यासंबंधी उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिलेला निर्देश, या गोष्टी वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा येऊन गेल्या आहेत की, राधानगरीकडून गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड या अभयारण्यांकडे जाणारी वन्य प्राण्यांची वाट या हुकुमांच्या जोरावरच उघडी राहणार आहे, अशी वाचकाची समजूत व्हावी. या हुकुमांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तथापि त्या वाटेवरचे पुष्कळसे रान खातेदारांच्या खासगी मालकीचे आहे, आणि अशा रानाचे काय व्हायचे हे मंत्रालयात जितके ठरते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो खातेदार कालवश झाल्यावर त्याच्या मागे कोणता कागद सापडतो किंवा सापडत नाही यावर ठरते.

घटनांचा क्रम या भागात सर्वपरिचित आहे. घरातला वडीलधारा मनुष्य हयात असतो तोवर डोंगराकडची वरकस जमीन जशी होती तशी राहते. तिच्यातून जळणाची फाटी येतात, गवत येते, तिच्या अंगाने वाहणाऱ्या व्हाळाचे पाणी खालच्या कुळागराला मिळते, आणि हे सारे इतक्या सहजपणे चालते की त्या जमिनीचे निराळे मोल करावे असे कोणाच्या मनातही येत नाही. तो गेला म्हणजे वारसांची नावे लागतात. एक मुलगा मुंबईला, दुसरा पणजीला, मुलगी बेळगावला, चुलत्यांची मुले पुण्याला. आणि ज्या डोंगराचे उत्पन्न म्हणून कोणाच्याही हाती वर्षाकाठी काही पडत नाही त्या डोंगराला एके दिवशी गिऱ्हाईक येते. ते रबराच्या लागवडीसाठी येते, अननसासाठी येते, कधी खाणीच्या आशेनेही येते. कळणे गावात खाणीने काय झाले ते तालुक्याने पाहिलेले आहे. विकणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण तो बहुतेक वेळा अन्यायाचा होतो. बापाची त्या रानाविषयी काही इच्छा होती की काय, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि इच्छा माहीत असली तरी ती पाळण्याचा खर्च कोणी कोठून करायचा, याची तजवीज बापाने करून ठेवलेली नसते.

ही इच्छा आणि ही तजवीज माणसाच्या हयातीतच कागदावर आणविणे, हेच निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रातील नियोजित दानाचे काम होय. नेहमीची वर्गणी मनुष्य चालू मिळकतीतून देतो. नियोजित दान तो आपल्या साठलेल्या मत्तेतून देतो, आणि त्याचा ताबा संस्थेकडे बहुधा त्याच्या मागे जातो. मृत्युपत्रातील देणगी हा त्याचा सर्वांत रूढ प्रकार. पण जमिनीचे बक्षीसपत्र करून देऊन मरेपर्यंत उपभोगाचा हक्क स्वतःकडे राखणे, विशिष्ट हेतूसाठी न्यास निर्माण करणे, हेही प्रकार त्यातच मोडतात. पाश्चात्त्य देशांत अशा कामासाठी संस्थांचे स्वतंत्र विभाग असतात आणि त्यांवर अनुभवी प्रमुख नेमलेले असतात. आपल्याकडे हे काम बहुधा चिटणीस फावल्या वेळात करतो, म्हणजे करीतच नाही.

असे काम दोडामार्गासारख्या ठिकाणी ज्याने अंगावर घेतले त्याने पहिली गोष्ट शिकली पाहिजे ती सातबारा वाचण्याची. दानशूरता, निसर्गप्रेम वगैरे पुढच्या गोष्टी. या भागातील डोंगरी जमिनीचा एखादा जुन्या वळणाचा उतारा हाती घ्यावा. भोगवटादारांच्या रकान्यात एकाखाली एक अशी दहा-बारा नावे असतात. त्यांतील निम्मी मयत, काहींची वारसनोंद कधी झालेलीच नाही, काही नावांपुढे हिस्सा आणे-पैंत लिहिलेला, एकाचे नाव कंसात गेलेले आणि ज्या फेरफाराने ते कंसात गेले त्याचा क्रमांक मात्र अस्पष्ट. खाली 'इतर अधिकार' या सदरात एखाद्या कुळाचे नाव असते, ज्याचा वहिवाटीशी संबंध सुटून दोन पिढ्या झालेल्या असतात. आणि क्षेत्राच्या रकान्यात, जेथे प्रत्यक्षात किंदळ, जांभा आणि आईन यांची छत्री आभाळाला टेकली आहे, ते सगळे क्षेत्र 'पोटखराब' म्हणून दाखल असते, कारण महसुलाच्या दृष्टीने जे नांगरता येत नाही ते खराब. अशा उताऱ्यातील एक वृद्ध सहहिस्सेदार जेव्हा उदार मनाने म्हणतो की माझे रान मी संस्थेला देतो, तेव्हा त्याचे म्हणजे नेमके कोणते, हे त्याला दाखविता येत नाही. तहसीलदाराकडून वाटप करून घेतल्याशिवाय, हद्दी कायम झाल्याशिवाय, तो जे देऊ शकतो ते एका अविभक्त हिश्शाचे स्वप्न असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अविभक्त कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली आहे हे खरे. परंतु महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली केलेल्या सुधारणांनी मुलीही जन्मतः सहहिस्सेदार झाल्या आहेत, आणि बहिणींना न विचारता केलेली वाटणी पुढे कोर्टात उभी राहत नाही. तेव्हा या कामाची पहिली दोन-तीन वर्षे दान मागण्यात जात नाहीत. ती वारसनोंदी आणि मोजणीचे अर्ज करण्यात जातात, आणि ज्या संस्थेला हा खर्च व्यर्थ वाटतो तिने या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

आपल्या मागे राहणाऱ्या रानाची व्यवस्था लावून ठेवणे ही कल्पना परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे भालांडेश्वराच्या देवराईत रानजायफळाच्या जातीचे जे दलदलीचे जंगल आहे, ज्यात झाडांची मुळे गुडघे दुमडल्याप्रमाणे पाण्यावर येऊन श्वास घेतात, ते २.५९ हेक्टरांचे क्षेत्र २०२१ साली राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. शासनाची नजर तेथे पोचण्यापूर्वी ते राहिले ते देवाच्या नावावर. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचे जे अध्ययन केले आणि १९७६ साली प्रसिद्ध केले, त्याने या प्रथेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. परंतु कायद्याच्या विद्यार्थ्यालाही तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हिंदू देवता ही आपल्या न्यायालयांच्या मते मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे, आणि या व्यक्तीचा विशेष हा की ती मरत नाही, तिला वारस नाहीत, तिची वाटणी होत नाही. मालक मरणारा असला की रान विभागले जाते. मालक न मरणारा असला की ते एकसंध राहते. नियोजित दानाची सारी कायदेशीर खटपट अखेर असा एक न मरणारा मालक शोधण्यासाठीच असते.

येथे पुष्कळ सद्गृहस्थ एक साधी तोड सुचवितात. 'माझे रान मी मुलालाच देईन, मात्र त्याने झाडे तोडू नयेत असे मृत्युपत्रात लिहून ठेवीन.' ही तोड लागू पडत नाही. मालमत्ता एकदा पूर्ण मालकीने दिली की तिचा उपभोग अमुकच रीतीने घ्यावा किंवा ती कधीही विकू नये अशा अटी आपला कायदा सामान्यतः जुमानत नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवणारी व्यवस्था करू गेल्यास शाश्वततेविरुद्धचा नियम आड येतो, कारण मृतांनी जिवंतांच्या मालमत्तेवर कायमचा अंमल चालवू नये असे त्या नियमामागचे तत्त्व आहे. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच या नियमाला एक अपवाद करून ठेवलेला आहे: विद्या, आरोग्य, सुरक्षितता किंवा मानवजातीच्या हिताचे अन्य कोणतेही कार्य यांसाठी सार्वजनिक हिताने केलेल्या हस्तांतरणाला तो लागू होत नाही. याचा व्यावहारिक अर्थ मोठा चमत्कारिक आहे. स्वतःच्या नातवासाठी मनुष्य एखादे रान कायमचे राखून ठेवू शकत नाही. सर्वांच्या नातवांसाठी ठेवू शकतो. आणि धर्मादाय न्यासाकडे जमीन गेली की १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्तांना ती विकता येत नाही. इंग्लंडातील नॅशनल ट्रस्टला १९०७ च्या कायद्याने याहून कडक बंधन आहे, कारण तेथे 'अहस्तांतरणीय' म्हणून एकदा जाहीर झालेली जमीन संस्थेला स्वखुशीने विकताच येत नाही. त्या ट्रस्टचा आरंभ १८९५ साली वेल्समधील एका बाईंनी दिलेल्या समुद्रकाठच्या लहानशा डोंगरउतारापासून झाला, आणि १९४३ साली बीट्रिक्स पॉटर या बालसाहित्यिका निवर्तल्या तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रान्वये लेक डिस्ट्रिक्टमधील चार हजारांहून अधिक एकर जमीन त्याच ट्रस्टकडे आली. त्यांनी आयुष्यभर पुस्तकांच्या उत्पन्नातून एकेक शेतवाडी विकत घेतली होती, ती नेमकी या शेवटच्या कागदासाठी, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मग दोडामार्गातील खातेदारानेही आपली जमीन मृत्युपत्राने एखाद्या न्यासाला द्यावी आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. येथे महाराष्ट्राच्या कायद्यातील एक असा अडसर आहे की ज्याची माहिती नसल्यामुळे चांगल्या हेतूने केलेले दस्त निरर्थक ठरण्याचा धोका असतो. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला देता येत नाही, असे १९४८ च्या कूळकायद्याचे ६३ वे कलम सांगते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर गोष्ट निराळी. हे बंधन विक्रीला आणि बक्षीसपत्राला आहे, मृत्युपत्राला नाही, अशी समजूत पुष्कळ वकिलांचीही होती. परंतु जुन्या मुंबई इलाख्याच्या याच कायद्याच्या गुजरातेत लागू असलेल्या कलमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे ठरविले की मृत्युपत्राच्या वाटेनेही शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे नेता येणार नाही. संस्था ही शेतकरी नसते. तेव्हा परवानगीचा प्रश्न दात्याच्या हयातीतच सोडवून घेणे शहाणपणाचे; तो गेल्यावर त्याचे रागावलेले पुतणे आणि संस्थेचे बावरलेले विश्वस्त जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ओसरीवर समोरासमोर यावेत, यात कोणाचेच हित नाही.

या अडचणीमुळेच मला असे वाटू लागले आहे की आपल्या भागात जमीन मागण्यापेक्षा जमिनीवरील वचन मागावे, आणि त्या वचनासोबत ते पाळण्याइतका पैसा मागावा. अमेरिकेत याचा एक सुबक प्रकार आहे: जमीन मालकाकडेच राहते, पण तिचा विकास करण्याचा हक्क तो कायमचा एका संवर्धन संस्थेकडे देऊन टाकतो आणि पुढचा प्रत्येक खरेदीदार त्याने बांधला जातो. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात याला जागा नाही, कारण त्या कायद्याला एका जमिनीच्या लाभासाठी दुसरी जमीन बांधलेली लागते. संस्थेला लगतची जमीन नसेल तर तिला असा हक्क मिळू शकत नाही. पण आपल्याकडे दुसरी एक वाट आहे, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन नव्या वर्गांची भर पडली. त्यांपैकी संवर्धन राखीव हा वर्ग सरकारी मालकीच्या क्षेत्रासाठी आहे, आणि तिलारीला मिळाला तो हाच. दुसरा वर्ग समुदाय राखीव. तो खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी असून, जेथे एखाद्या समुदायाने अथवा व्यक्तीने स्वेच्छेने वन्यजीवांचे रक्षण करण्याचे ठरविले असेल तेथेच तो जाहीर करता येतो. तो जाहीर झाल्यावर मालकी बदलत नाही. परंतु व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांवाचून जमिनीच्या वापराची रीत बदलता येत नाही. म्हणजे ज्या बापाला आपली इच्छा मुलावर मृत्युपत्राने लादता येत नाही, त्याला ती हयातीत, मुलाच्या संमतीने, कायद्याच्या आधाराने पक्की करून ठेवता येते. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने खासगी जंगलमालकांशी आणि गावांशी संवर्धनाचे करार केले आहेत. ज्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो त्याची फळे रीतसर गोळा करून विकली जावीत आणि झाड उभे ठेवण्यात मालकाचा काही फायदा राहावा, अशीही खटपट त्या संस्थेने केली. करार मुदतीचे असतात. मुदत संपते तेव्हा पुढच्या मुदतीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न नियोजित दानाच्या दारात येऊन उभा राहतो.

दोडामार्गाची आणखी एक खुबी आहे, ती सरहद्दीची. येथील कितीतरी घराण्यांचे सोयरसंबंध डिचोली, सत्तरी, पेडणे या गोव्यातील तालुक्यांशी आहेत, आणि जमिनीही दोन्ही अंगांना. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेली वारसा पद्धती आहे, आणि तेथील २०१२ च्या वारसा कायद्यातही ती कायम आहे: मुलेबाळे किंवा आईबाप असलेल्या मनुष्याला आपल्या मिळकतीपैकी निम्म्याच भागाची विल्हेवाट मृत्युपत्राने लावता येते, उरलेला अर्धा सक्तीच्या वारसांचा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीची जमीन गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला हीच पद्धती लागू होईल. म्हणजे दोडामार्गात डोंगर असलेला गृहस्थ तालुक्यातील साटेली-भेडशीचा अधिवासी आहे की गोव्यातील म्हापशाचा, यावर त्याच्या दानाची मर्यादा ठरते. मुसलमान दात्याला सामान्यतः एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. ख्रिस्ती दात्यांना धर्मादायासाठी मृत्युपत्र करताना मृत्यूच्या किमान बारा महिने आधी ते करण्याची आणि कायद्याने ठरविलेल्या ठिकाणी जमा करून ठेवण्याची जी जाचक अट होती ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवून काढून टाकली, ही सावंतवाडी आणि दोडामार्ग भागातील ख्रिस्ती कुटुंबांना सांगण्यासारखी बातमी आहे, जरी ती आता जुनी झाली असली.

मृत्युपत्राचा विधी स्वतः मात्र अगदी साधा आहे, इतका साधा की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साध्या कागदावर लिहून कर्त्याने सही केली आणि दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या केल्या म्हणजे ते पुरे होते; शिवाय १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवताही येते, आणि मनुष्य जिवंत आहे तोवर पाहिजे तितक्या वेळा बदलता येते. या शेवटच्या मुद्द्यामुळे संस्थेच्या हिशेबनिसाने एक पथ्य पाळावे. वचन म्हणजे जमा नव्हे. आज साठीतल्या बाईंनी केलेले मृत्युपत्र पंचवीस वर्षांनी फलद्रूप होईल, किंवा परवा रद्द होईल. ते अंदाजपत्रकात धरणारी संस्था पाठीमागे कर्ज ठेवून जाते.

परंतु कलमांपेक्षा माणसे अवघड. या कामावरील कार्यकर्त्याने जेथे जायचे ती घरे वृद्धांची असतात, आणि तेथे बोलणे अशा विषयाचे असते की ज्याचा उच्चार शुभकार्यात टाळला जातो. चतुर्थीला चाकरमानी घरी आलेला असतो, सगळे हिस्सेदार एका छपराखाली असतात, म्हणून कोणी उत्साही मनुष्य तोच मुहूर्त धरतो आणि पाहुण्यांच्या पंक्तीत यजमानाच्या मरणाची गोष्ट काढतो. तो पुन्हा त्या घरात पाऊल टाकू शकला तर नशीब. पितृपक्षात म्हाळ असतात तेव्हा गेलेल्यांचा विषय घरात आपोआपच असतो, आणि तेव्हा आजोबांनी राखलेल्या डोंगराची आठवण निघाली तर ती परक्याने काढलेली वाटत नाही. मे महिन्यात मुले सुट्टीला आलेली असतात तेव्हा हद्दीवरून एक फेरी मारावी; कोणत्या दगडापासून कोणत्या व्हाळापर्यंत आपले, हे मुंबईत वाढलेल्या नातवाला तेव्हाच प्रथम कळते. आणि वृद्ध मालकाच्या तोंडून केव्हातरी, बहुधा भलताच विषय चालू असताना, तो प्रश्न येतो: 'माझ्या मागसून ह्या रानाक बघतलो कोण?' हा प्रश्न येईपर्यंत थांबता येणे, यात या कामाचे निम्मे कौशल्य आहे. तो आल्यावर लगेच खिशातून मसुदा काढू नये, हे उरलेल्या निम्म्यापैकी बरेचसे.

याला कायद्याचाही आधार आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे फसवणुकीने किंवा जबरदस्तीने करवून घेतलेले मृत्युपत्र जसे रद्दबातल, तसेच कर्त्याचे स्वातंत्र्यच हिरावून घेईल अशा पिच्छा पुरवून केलेल्या आर्जवाने मिळविलेले मृत्युपत्रही रद्दबातल. दान मागणाऱ्याच्या धंद्यावर विधिमंडळाने इतके सूक्ष्म भाष्य क्वचितच केले असेल. म्हणून संस्थेच्या मनुष्याने दात्याच्या मृत्युपत्राचा मसुदा स्वतः करू नये, त्यावर साक्षीदार होऊ नये, व्यवस्थापक म्हणून आपले नाव घालू देऊ नये. दात्याने स्वतःच्या पसंतीचा वकील स्वतःच्या पैशाने करावा, आणि वयोवृद्ध दाता असेल तर त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. मुलांना सांगायचे की नाही हा निर्णय दात्याचा. पण सांगण्याविषयी आग्रह धरावा, कारण न्यायालयात जाणारी बहुतेक मृत्युपत्रे लोभामुळे जातात त्यापेक्षा आश्चर्यामुळे अधिक जातात असे माझे मत आहे. बँकेतील ठेवीला संस्थेचे नामनिर्देशन करून ठेवले की झाले, हीही एक गैरसमजूत आहे. नामनिर्देशित हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक वारसच असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ च्या सुमारास आणि कंपन्यांच्या समभागांबाबत २०२३ साली पक्के केले आहे.

आता पैशाविषयी. रान राखणे फुकट होत नाही. फेब्रुवारीत जाळरेषा काढाव्या लागतात, वणव्याच्या दिवसांत माणसे ठेवावी लागतात, हद्दीचे दगड पावसाने सरतात ते पुन्हा लावावे लागतात, आणि हत्तींनी माड-केळी उपटल्या की शेजाऱ्याच्या रागाला जबाबदार कोणीतरी समोर असावा लागतो. एक लाखाच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार येतात. महागाईचा मार सोसण्यासाठी त्यातले निम्मे मुद्दलात टाकले तर खर्चाला साडेतीन हजार उरतात, म्हणजे एका मजुराचे थोडेच दिवस. म्हणून जो जमीन देतो त्याने, आणि ज्याच्यापाशी जमीन नाही पण मुंबईत फ्लॅट आणि भविष्यनिर्वाह निधी आहे त्यानेही, कायम निधीचा विचार करावा. रक्कम आकड्यात न लिहिता हिश्शात लिहावी, हे येथे पहिले सूत्र. चाळीस वर्षांपूर्वी पाच हजार लिहून ठेवणाऱ्याने स्वतःच्या मते मोठे दान केले होते. त्यापेक्षा 'वरील सर्व देणी व देणग्या भागवून उरणाऱ्या माझ्या स्थावर-जंगम मिळकतीचा दहावा हिस्सा अमुक नोंदणी क्रमांकाच्या न्यासास, त्याच्या कायम निधीत जमा करण्यासाठी' असे वाक्य काळाबरोबर वाढते, आणि मुलांच्या वाट्याला नऊ हिस्से राहतात हे त्यात न लिहिताही दिसते.

या रीतीची थोर उदाहरणे आपल्याच प्रांतात आहेत. १९१८ साली सर रतन टाटा निवर्तले आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे पुढच्या वर्षी जो न्यास उभा राहिला तो शंभर वर्षांनंतरही दाने देतो आहे. सालीम अली यांना १९७६ साली मिळालेल्या जे. पॉल गेटी पारितोषिकाच्या ५०,००० डॉलरांतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत निसर्गसंवर्धन निधीचा पाया घातला गेला. हयातीतील दान असले तरी मुद्दल राखून व्याजावर काम चालविण्याची दृष्टी तीच. मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह पुण्याच्या ज्या संस्थेला दिला ती १९१७ पासून तो सांभाळीत आहे. विद्येसाठी आपण हे केले, देवासाठी केले, रुग्णालयांसाठी केले. अरण्यासाठी अजून फारसे केलेले नाही, आणि कराची सवलत हे त्याचे कारण म्हणून पुढे केले जाते ते मला पटत नाही. अमेरिकेत मोठ्या मिळकतींवर मृत्युकर आहे म्हणून तेथे धर्मादाय मृत्युपत्रांना जोर आहे, आणि आपल्याकडे १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ साली गेला, हे दोन्ही खरे. पण सर रतन टाटांनी मृत्युपत्र केले तेव्हाही येथे मृत्युकर नव्हता. परदेशस्थ मराठी कुटुंबांविषयी मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे: ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, ते मूळचे साटेलीचे असले तरी, कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगी ठरते, आणि ती स्वीकारण्यास संस्थेपाशी परदेशी अंशदान कायद्याची नोंदणी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेले विशिष्ट खाते असावे लागते. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी मनुष्याला ही अडचण नाही.

मृत्युपत्रात शेवटी एक कलम असावे, ज्याची आठवण वकिलाला बहुधा राहत नाही आणि संस्थेला ती काढण्याचा संकोच वाटतो. ज्या न्यासाला दान दिले तोच दात्याच्या आधी बंद पडला तर काय? आपल्या भागात निसर्गमंडळे निघतात आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांची कुलपेही गंजतात. दात्याचा मूळ हेतू सिद्धीस नेणे अशक्य झाले तर त्या हेतूला जवळचा असा दुसरा हेतू न्यायालयाने ठरवून द्यावा, अशी सोय सार्वजनिक न्यास कायद्याच्या ५५ व्या कलमात आहे. परंतु सिंधुदुर्गनगरीतील न्यायाधीशाने भालांडेश्वराच्या दलदलीला सर्वांत जवळचे काय, हे कशाच्या आधारावर ठरवावे? म्हणून दात्याने दुसऱ्या एका संस्थेचे नाव, तिच्यामागे तिसरीचे, आणि त्याही नसल्यास जिल्ह्यातील वन्यजीव अधिवासाच्या रक्षणासाठीच निधी वापरावा असा हेतू, हे तिन्ही क्रमाने लिहून ठेवावे. दान मागायला आलेल्या मनुष्याने स्वतःहून प्रतिस्पर्धी संस्थेचे नाव सुचविले तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, आणि ते नाव सुचविताना तो अडखळला तर मसुदा आणखी एक पावसाळा कपाटात राहू द्यावा.